अक्का, शेवटचा हप्ता भरल्यावर

अक्का,

तुझ्या दारावर येणारी माणसं आता थांबली. तेराव्याची गंधमुक्ती झाल्यावरही दोन-चार दिवस कोणी ना कोणी यायचं, जमिनीकडे बघत बसायचं, चहाला नको म्हणायचं आणि उठताना तेच बोलायचं, "सगळं फेडून गेली हो बाई. मोकळी गेली." तुझ्या एसटी डेपोतल्या बायका हेच म्हणाल्या, शेजारचे काका हेच म्हणाले, भडगावहून आलेला आपला चुलताही हेच म्हणाला. मन सगळ्यांचं चांगलंच होतं. मी हात जोडत होतो आणि मनात म्हणत होतो, आता आणखी कोणी हे बोललं तर मी उठून जाईन. एकदा गेलोही. धुळ्याच्या देवपुरातल्या तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उगाच उभा राहिलो. मोकळी! फेडून झाल्यावर तुला थोडं जगायला मिळायला हवं होतं. मोकळं होऊन लगेच जायचंच होतं, तर एवढी वर्षं आपण दोघांनी जीव कशाला काढला?

मी थकलोय, अक्का. रडूनही झालं. आता जळगावच्या दुकानात पाइपांच्या ढिगाशेजारी बसून तुझ्याशी बोलतोय. शेठ समोर आहे, पण काही म्हणत नाही. सीझन असूनही त्याने मला आठ-दहा दिवस काही काम सांगितलं नाही. दुपारी रावेरकडचं गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःच म्हणतो, बापू, बस थोडा वेळ.

तुला माझं कर्ज कळलं ते माझ्याकडून नाही. फोनवर झटपट पैसे देणारं एक अ‍ॅप होतं, त्याच्या वसुलीवाल्याने माझ्या फोनमधले नंबर काढून तुला फोन लावला. तू तेव्हा धुळे-जळगाव गाडीवर होतीस, एरंडोलच्या पुढे, गच्च भरलेल्या गाडीत तिकिटं काढत. तो म्हणाला, तुमच्या भावाला पैसे भरायला सांगा, नाहीतर त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवू. तू काय उत्तर दिलंस ते मला नंतर तुझ्या ड्रायव्हरने सांगितलं. म्हणालीस, "पहिले मला पाठव. माझ्याकडे त्याचा लग्नातला आहे, तुझा त्यापेक्षा चांगला असला तर ठेवून घेते." आणि फोन ठेवून पुढच्या माणसाला विचारलंस, कुठे जायचं.

मला मात्र तू हसून फोन केला नाहीस. "स्टँडवर ये. लगेच." एवढंच. मी दुकानातून चालत आलो. तू गाडीच्या दाराशी उभी होतीस.

"कितलं शे?"

मी निम्मं सांगितलं.

"बस गाडीत."

"अक्का, दुकान आहे."

"शेठले मी सांगस. बस."

मला वाटलं, बहीण कंडक्टर आहे, असंच बसवेल. तू मशीन काढलंस, धुळ्याचं तिकीट काढलंस आणि हात पुढे केलास. खिशात परतीपुरतेच उरले. मग तुझ्या शेजारच्या सीटवर बसून मी पारोळ्यापर्यंत आणखी थोडं सांगितलं, आणि धुळं येईपर्यंत सगळं. बँकेचं पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं, ती अ‍ॅपवाली कर्जं, वैशालीच्या बांगड्यांवर काढलेले पैसे, शेठकडची उचल. मध्येच तू उठायचीस, तिकिटं काढायचीस, परत येऊन बसायचीस आणि म्हणायचीस, "हं. पुढे." जशी काही मी गाण्याची ओळ अर्धी सोडली होती.

कशासाठी घेतलं, असं तू विचारलंस तेव्हा मला धड सांगता येईना. घरात कोणी आजारी नव्हतं, मला कसलं व्यसन नव्हतं. मोठी मोटारसायकल घेतली, मग टीव्ही, मग घरात फरशी, साल्याच्या लग्नातला आहेर, मुलाची इंग्रजी शाळा. प्रत्येक गोष्टीचा हप्ता लहानच होता. नंतर एक हप्ता भरायला दुसरीकडून काढायचं, एवढंच काम उरलं. बायको असून वैशालीला यातलं पाव हिस्सासुद्धा माहीत नव्हतं.

धुळ्याच्या डेपोत उतरल्यावर मी तुला म्हणालो, "अक्का, तुझ्या फंडातून काढता येतं ना? मी वर्षात परत करतो."

तू हिशेबाची पिशवी काखेत घेतली होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मी देवाव नही, बापू."

कारण सांगितलं नाहीस. पैसे भरायला आत निघून गेलीस. मी परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल जे जे आलं, ते मी आजही लिहू शकत नाही. आई गेल्यावर तूच आई, असं मी सगळीकडे सांगायचो. त्या दिवशी वाटलं, उगाच सांगत होतो.

पण रविवारी तू जळगावला आलीस. हातात कळण्याच्या भाकरी, ठेचा. वैशालीला समोर बसवलंस आणि मला म्हणालीस, "बोल." मी बोललो. वैशाली उठून आत गेली. आठवडाभर तिने माझ्याशी कामापुरतंही बोलणं ठेवलं नाही. तू तिला समजावलं नाहीस, माझी बाजूही घेतली नाहीस. जाताना दारात मला एवढंच म्हणालीस, "तिला रागावू दे. तिचा हक्क आहे." नंतर वैशालीनेच माझं एटीएम कार्ड मागून घेतलं, ते आजही तिच्याकडेच आहे.

मोटारसायकल विकली, त्यात सगळ्यात तापदायक अ‍ॅपवाली कर्जं मिटली. टीव्हीला गिऱ्हाईक मिळालं नाही. कार्डं तू कात्रीने कापलीस, तुझ्या तोंडावर तेव्हा थोडं समाधान दिसलं, खरं सांगतो. मी शेठला सांगितलं की यापुढे मी मागितली तरी उचल देऊ नका. तो मारवाडी माणूस, पन्नास वर्षं धंद्यात. चष्मा काढून म्हणाला, असं मागायला आलेला तू पहिलाच.

मग ते सुरू झालं, स्टँडवरचं. तुझी जळगाव ड्युटी लागली की गाडी थांबायची तेवढ्या वेळात मी यायचो. सुरुवातीला मला वाटलं, तू माझ्याकडून पैसे घेऊन भरशील, म्हणजे माझ्या हातात राहायला नकोत. तू झटकलंस. "माझ्या पिशवीत तुझे पैसे नको. चेकिंग आलं आणि जादा रक्कम निघाली तर माझी नोकरी जाईल." म्हणून मी हप्ता भरायचा आणि बँकेचा मेसेज तुला दाखवायचा. तू चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचायचीस. शाबासकी कधी दिली नाहीस. "बरं" म्हणायचीस. पहिल्या काही महिन्यांत कधी हप्ता चुकायचा, मेसेज नसायचा, मग मी जायचोच नाही. तेव्हा तू फोन करायचीस, "गाडी सुटायला वेळ आहे अजून. नुसता ये, चहा पिऊ."

आपली खरी भांडणं बचतीवरून झाली. कर्ज निम्मंही फिटलं नव्हतं आणि तू म्हणालीस, दर महिन्याला थोडे बाजूला टाकायला सुरुवात कर. मी चिडलो. कार्डाचं व्याज डोक्यावर असताना बँकेच्या चार टक्क्यांसाठी पैसे ठेवायचे? मी बी. कॉम. झालोय अक्का, मी तुला कागदावर गणित करून दाखवलं. तू कागद बघितलाससुद्धा. म्हणालीस, गणित बरोबर आहे. मग म्हणालीस, "आते फेडशी, मंग परत काढशी. घरात काही मोडलं, कोणी आजारी पडलं, तर तू कुठे जाशील? परत त्या अ‍ॅपमध्येच ना?"

मला ते पटलं नाही. तुला गप्प करायला मी पाचशे रुपये टाकायला लागलो. आणि पुढच्या पावसाळ्यात आमच्या ओमला डेंग्यू झाला. दवाखान्यात पाच दिवस. बिल भरायच्या खिडकीशी उभा राहून मी सवयीने फोन काढला होता, कोणाकडून घ्यायचे म्हणून. वैशालीने माझा दंड धरला. "आहेत," ती म्हणाली. सगळे नव्हते, थोडे कमी पडले, ते तिने तिच्या डब्यातून काढले. पण कोणापुढे हात पसरला नाही. त्या दिवशी बाहेर येऊन मी तुला फोन केला आणि रडायलाच लागलो. तू म्हणालीस, "काय झालं? पोरगं बरं आहे ना?" मी हो म्हणालो. "मग रडतोस कशाला?" माझं गणित बरोबर होतं, अक्का, अजूनही बरोबरच आहे. पण त्या खिडकीशी ते कामाला आलं नाही.

तू मला पैसे का दिले नाहीस, ते मला जवळजवळ दीड वर्षाने कळलं. तेही तू सहज बोलून गेलीस. स्टँडवर चहा पीत होतो. मी कुठल्यातरी रागात म्हणालो, तुला काय, तुझा पगार आहे, भाऊजींच्या मागे तुला त्यांची नोकरी मिळाली, एक पोरगी, तुला कसलं टेन्शन. तू कप खाली ठेवलास.

"एसटीच्या संपात पगार बंद होता ना," तू म्हणालीस. "पूजाची फी होती, घरभाडं होतं. पतपेढीचं काढलं, दोन बायकांकडून हातउसने घेतले. तुझ्याआधीपासून फेडतेय मी."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तू बुडत होतास. मीही पाण्यात आहे म्हटलं असतं, तर तू हातपाय मारले असतेस का?"

मी एवढंच विचारलं, किती राहिलंय. तू सांगितलंस. माझ्यापेक्षा फार कमी नव्हतं. तेव्हापासून आपण दोघंही एकमेकांना मेसेज दाखवायला लागलो. तुझा फोन जुना, अक्षरं बारीक, मला वाचून दाखवावं लागायचं. मीही मग नुसतं "बरं" म्हणायचो. तू हसायचीस.

डबल ड्युट्या घेऊ नको म्हणून मी किती वेळा सांगितलं, आठवतं का? पहाटेची शिर्डी करून दुपारी परत पारोळा. पाय सुजायचे तुझे. मी म्हणायचो, एक वर्ष उशिरा फिटू दे. तू म्हणायचीस, "तुला झोप लागते का, कर्ज असताना? मला नाही लागत." मी हे भांडण पुरेसं जोरात भांडलो नाही असं आता वाटतं. पण मग वाटतं, मी जोरात भांडलो असतो तरी तू ऐकणारी होतीस थोडीच.

तुझा शेवटचा हप्ता माझ्याआधी भरला गेला. चार महिनेच झाले त्याला. तू गाडीतून उतरलीस, फोन माझ्या हातात दिलास आणि मी वाचेपर्यंत धीर न धरता म्हणालीस, "बठ्ठं संपनं, बापू." स्टँडच्या कँटीनला नेलंस. तू आयुष्यात कँटीनमध्ये चहापलीकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी भज्यांची प्लेट मागवलीस. ती संपल्यावर दुसरी मागवलीस. मिरच्या तेवढ्या माझ्याकडे सरकवल्यास. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि तू त्याला हातानेच थांब म्हणत होतीस, तोंडात भजं. तुझ्याबद्दल मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. बाकी काही सांगणार नाही.

त्यानंतर तुझ्या खात्यात पैसे साठायला लागले. हप्त्याएवढीच रक्कम तू तशीच टाकत राहिलीस, हात थांबायला नको म्हणून. पूजाचं आणि तुझं दोघींचं खातं. मी विचारलं, काय करणार त्याचं? म्हणालीस, बघू, आधी साठू तर दे. वैशालीने तुला एक चांगली साडी घे म्हटलं तर तू तिलाच एक घेऊन दिलीस.

आणि मग आपलं शेवटचं भांडण.

पूजाला पुण्याला एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी मोठी. तू म्हणालीस, एक वर्ष थांब, मी साठवते, मग जा. पोरीने तुझ्याशी वाद न घालता मला फोन लावला. मी तुला म्हणालो, अक्का, शिक्षणाचं कर्ज वेगळं असतं, ती शिकेल, कमावेल, फेडेल. तू म्हणालीस, "कर्जाचं नाव माझ्या घरात परत काढायचं नाही."

"सगळं कर्ज सारखं नसतं."

"तू सांगतोस हे? तू? तुला कोणी बाहेर काढलं?"

मी म्हणालो, "तू नाही काढलंस. हप्ते मी भरले."

तू फोन ठेवलास. ते खोटं नव्हतं, अक्का. तूच मला पहिल्या दिवशी तसं वागवलं होतंस, की माझं मीच भरायचं. पण त्याच्यापुढे एक वाक्य होतं, ते माझ्या तोंडात आलं नाही. मेसेज दाखवायला कोणी नसतं, तर मी तिसऱ्या महिन्यात थांबलो असतो. हे तुला माहीत होतं का? माहीत असेल असं मी धरून चाललोय. सांगायला हवं होतं.

त्यानंतर तीनच दिवसांनी सकाळी पूजाचा फोन आला. तू ड्युटीला निघण्यासाठी शर्टाला इस्त्री करत होतीस, छातीत दुखतंय म्हणालीस, खाटेवर बसलीस. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा वेळ दिला नाहीस. मी जळगावहून निघालो ती गाडी तुझ्याच डेपोची होती. कंडक्टर मला ओळखत होता. त्याने माझ्याकडे तिकिटाचे पैसे मागितले नाहीत, स्वतःच्या खिशातून भरले, आणि पूर्ण रस्ताभर माझ्याकडे बघितलं नाही.

आता जे झालं ते सांगतो. तुला आवडणार नाही.

पूजाची प्रवेशाची मुदत संपत आली होती. मी तिला म्हणालो, तुझ्या आईचे पैसे आहेत, ते दोन्ही वर्षांना पुरत नाहीत. कर्ज काढ किंवा एक वर्ष थांब. मी कुठली बाजू घेणार नाही, आधी घेतली तेव्हा काय झालं ते बघितलंस. तिने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "मामा, पहिल्या वर्षाची फी आईच्या पैशातून भरते. दुसऱ्या वर्षापुरतंच कर्ज काढते. आणि तिथे शिकवण्या घेऊन व्याज दर महिन्याला भरत जाईन, साठू देणार नाही." ना तुझं ऐकलं, ना माझं. बोलताना तिने चष्मा कपाळावर सरकवला होता.

धुळ्याच्या बँकेत सोबत मोठं माणूस सहकर्जदार म्हणून लागतं. मी गेलो. साहेबांनी माझ्या जुन्या कर्जांचं सगळं कॉम्प्युटरवर काढलं. मला वाटलं, पोरीसमोर नाही म्हणणार. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "आधी बरंच बिघडलेलं दिसतं तुमचं."

"हो साहेब."

"पण गेल्या तीन वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही. करा सही."

मी सही केली, अक्का. पुन्हा कर्जाच्या कागदावर. अक्षर वेडंवाकडं आलं, साहेबांनी परत करायला लावली.

बाहेर ऊन होतं. पायऱ्या उतरताना पूजा म्हणाली, "मामा, आई रागावली असती ना?"

"रागावली असती."

"खूप?"

मी म्हणालो, "खूप. चार दिवस फोन केला नसता. मग पाचव्या दिवशी संध्याकाळी स्वतःच केला असता, काही झालंच नाही असं दाखवून. जेवना का रे, असं विचारलं असतं."

पूजा हसली, पहिल्यांदाच, आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं.

त्याला आज आठवडा झाला. मी अजून दुपारचं जेवलो नाही, अक्का. विचार ना.